दंतपवन आणि दांतवण

सनदा, महजर आणि वतनांचे कागद यांच्या शोधांत दप्तरें चाळतांना जीं किरकोळ पानें हातीं येतात, त्यांत औषधांच्या व मंजनांच्या कृतींचीं पानें असतात. त्यांवर बहुधा मिति नसते, लिहिणाऱ्याचें नांव नसतें, व एकाच पानावर दोन-तीन हातांचीं अक्षरें आढळतात. संग्राहक अशीं पानें ‘वैद्यक, फुटकळ’ एवढी चिठ्ठी लावून रुमालांत बांधतो किंवा टाकूनहि देतो. दांत घासणें ही इतिहासाची बाब नव्हे, आणि असलीच तर ती संस्कृत ग्रंथांत सविस्तर सांगितलेलीच आहे, अशी समजूत त्याच्या मुळाशीं असते. ही समजूत कितपत टिकते, हें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

प्रथम वैद्यकग्रंथ घेऊं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पांचव्या अध्यायांत दंतपवन दिवसांतून दोन वेळां करावें असें सांगितलें आहे. काडीचें टोंक ठेचून मऊ केलेलें असावें, तिची रुचि तुरट, तिखट किंवा कडू असावी, आणि हिरड्यांस इजा होऊं देऊं नये, असा तेथील दंडक आहे. करंज, कण्हेर, रुई, मालती, अर्जुन व असाणा हीं झाडें चरकानें नांवानिशीं दिलीं आहेत. सुश्रुतानें चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायांत काडीचें मापहि दिलें आहे. ती बारा अंगुळें लांब, करंगळीएवढी जाड, सरळ व गांठी नसलेली असावी. कडू रसांत निंब, तुरटांत खैर, गोडांत मधूक म्हणजे मोह व तिखटांत करंज हीं त्याच्या मतें श्रेष्ठ होत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत हाच विधि थोडक्यांत आला असून वेळ प्रातःकाळची व भोजनोत्तर अशी स्पष्ट केली आहे.

सुश्रुताच्या त्याच प्रकरणांत एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. काडीचा विधि सांगून तो लगेच चूर्णाकडे वळतो. मध, सुंठ-मिरीं-पिंपळी, तेल, सैंधव व तेजोवतीचें चूर्ण इत्यादि द्रव्यांनीं दांत नित्य शोधावे, आणि मऊ कुंचल्यानें एकेक दांत निराळा घासावा, असें तो सांगतो. तेजोवती म्हणजे कोणी तेजबळ समजतात, कोणी मालकांगोणी. तें कसेंहि असो. चूर्ण ही उत्तरकालीन सोय नसून संहिताकालींच तें काष्ठाच्या जोडीनें वापरांत होतें, हें येथें निर्विवाद दिसतें. मात्र चूर्ण लावण्याचें साधन बोट नव्हे, कुंचला आहे.

मुखप्रक्षालनाचाहि विचार या ग्रंथांत स्वतंत्र आहे. तोंडांत खेळवितां येईल इतकें द्रव घेतलें तर तो कवल, आणि हलवितां येणार नाहीं इतकें भरून धरलें तर तो गंडूष, असा भेद सुश्रुतानें केला आहे. चरकानें तेलाच्या गंडूषानें जबड्यास बळ येतें, ओंठ फुटत नाहींत व दांत आंबट पदार्थांनीं शिवशिवत नाहींत असें म्हटलें आहे. वाग्भटानें सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायांत दांत हालत किंवा शिवशिवत असल्यास तिळाच्या कल्काचें पाणी, तोंडांतील व्रणांस मध, आणि तोंडाची अरुचि, मळ व दुर्गंधि यांवर धान्याम्ल, म्हणजे आंबविलेली कांजी, सांगितली आहे. हीं सारीं द्रव्यें कोणत्याहि शेतकऱ्याच्या घरांत सांपडणारीं आहेत.

ही काडी केवळ ग्रंथांतली नव्हती, यास बाहेरचा पुरावा आहे. इ. स. ६७१ मध्यें चीनहून निघालेला इत्सिंग हा भिक्षु नालंदा येथें दीर्घकाळ राहिला. त्याच्या प्रवासवृत्तांताचें ताकाकुसू यांनीं १८९६ मध्यें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. त्यांत काडीची लांबी बारा अंगुळें, निदान आठ, व जाडी करंगळीएवढी दिली आहे. एक टोंक चावून दांत घासावे व नंतर जीभ खरवडावी असेंहि सांगितलें आहे. ही काडी विळोची असते ही चिनी लोकांची समजूत त्यानें खोडून काढली आहे. उलटपक्षीं पाली विनयाच्या चुल्लवग्गांत आठ अंगुळें ही कमाल व चार अंगुळें ही किमान मर्यादा आहे. मापांतला हा फरक परंपरा एकाहून अधिक होत्या याचा द्योतक आहे.

सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत दंतकाष्ठावर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे; पण तेथें वृक्षपरत्वें फळें व काडी टाकल्यावर ती कशी पडते यावरून शकुन, हा भाग प्रधान आहे. अधिक उपयोगाची माहिती त्याच ग्रंथाच्या गंधयुक्तिप्रकरणांत सांपडते. काड्या हिरड्याचें चूर्ण घातलेल्या गोमूत्रांत सात दिवस ठेवाव्या. मग वेलदोडा, दालचिनी, तमालपत्र, मध, मिरीं, नागकेसर व कोष्ठ इत्यादींच्या सुगंधी पाण्यांत कांहीं काळ भिजत घालाव्या. शेवटीं जायफळ, तमालपत्र, वेलदोडा व कापूर यांचें चूर्ण लावून उन्हांत वाळवाव्या. या चूर्णाचीं प्रमाणें कृत, यम, एक व शिखि या संख्यावाचक शब्दांनीं, म्हणजे अनुक्रमें चार, दोन, एक व तीन भाग, अशीं दिलीं आहेत. फुटकळ पानांवरील संस्कृत कृति वाचतांना हे संख्यावाचक शब्द औषधांचीं नांवें समजण्याची चूक सहज होते, म्हणून हें मुद्दाम नमूद केलें.

आतां धर्मशास्त्र पाहूं. आह्निकग्रंथांत दंतधावन हा शौचाचा भाग असून प्रतिपदा, षष्ठी, नवमी व अमावास्या अशा तिथींस, तसेंच श्राद्ध व उपवासाच्या दिवशीं काष्ठाचा निषेध आहे. त्या दिवशीं पाण्याच्या बारा चुळांनीं मुखशुद्धि होते असें निबंधकार सांगतात. शिवाय बोटानें दांत घासणें, उघडें मीठ खाणें व माती खाणें हीं तिन्हीं सारखींच निंद्य ठरविणारें एक स्मृतिवचन प्रसिद्ध आहे.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रांतील घरचा आचार पाहिला म्हणजे विसंगति उघड होते. आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें साधन म्हणजे राखुंडी, म्हणजे गोवऱ्यांची चाळलेली राख. तींत मीठ, तुरटी, कापूर किंवा हिरड्याची पूड मिसळीत, अथवा राखेच्या ऐवजीं कोळसा कुटून घेत, आणि तें सारें बोटानेंच लावीत. वर सांगितलेल्या तिन्ही संहितांच्या दंतपवनविधींत राख नाहीं, कोळसाहि नाहीं. आणि बोट तर स्मृतीनें निषिद्ध केलेलें. कडुनिंबाची व बाभळीची काडी खेड्यापाड्यांतून चालू राहिली हें खरें. तथापि वाड्यांतील व शहरांतील नित्याचार ग्रंथांवरून सिद्ध होत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

भाषेची साक्षहि हीच आहे. संस्कृत दंतपवन, पाली दंतपोण, हिंदी दातौन, गुजराती दातण या साखळींत अर्थ सर्वत्र काडी असाच आहे. मराठींत त्याच शब्दाचें रूप दांतवण. पण तें लागतें चूर्णाला, विशेषतः बायका दांतांस लावीत त्या काळ्या पुडीला. वस्तु मागें पडली व तिचें नांव तिच्या जोडीदाराकडे गेलें, असाच याचा अर्थ दिसतो. सुश्रुतानें काष्ठ व चूर्ण एकत्र सांगितलें होतें. मराठी घरानें त्यांतील चूर्ण ठेवलें, द्रव्यें बदललीं, आणि कुंचल्याच्या जागीं बोट आणलें. हें स्थित्यंतर केव्हां व कोणत्या थरांत झालें याचा निर्णय करण्यास ग्रंथ असमर्थ आहेत. तो झाला तर टाकाऊ समजल्या जाणाऱ्या पानांवरूनच होईल.

त्या पानांचा काल ठरविण्यास एक खूण आहे. मंजनाच्या कृतींत तमाखु आली कीं ती कृति प्राचीन नव्हे. तंबाखू अमेरिका खंडांतून पोर्तुगीजांच्या द्वारें या देशांत आली. विजापुराहून परतलेल्या असद बेगानें ती अकबरापुढें ठेवल्याचें स्वतःच लिहून ठेविलें आहे, आणि अकबर १६०५ मध्यें वारला. तेव्हां तंबाखू भाजून केलेली मिश्री कितीहि जुनी म्हणून सांगितली तरी तिला सोळाव्या शतकापलीकडे नेतां येत नाहीं. मंजनें व पेस्टें यांत तंबाखू घालण्यास भारत सरकारनें १९९२ मध्यें बंदी केली, ती तिच्या अपायामुळें. परंतु ‘पूर्वजांचा उपाय’ हें तिचें समर्थनहि इतिहासानें खोटेंच ठरतें. दाणेदार कोळसा व मीठ यांनीं दांतांवरील कवच झिजतें असें आजचे दंतवैद्य सांगतात. बाजारांत ‘शास्त्रोक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काळ्या मंजनांस या संहितांतील दंतपवनविधीचा आधार देणें तर सर्वथा अयोग्य होय.

दुसरी खूण मापाची. हिशेबाच्या कागदांत दांतवण हा शब्द आला तर तो काडीसाठीं कीं चूर्णासाठीं, हें नुसत्या शब्दावरून कळणार नाहीं. तोळे-मासे दिले असतील तर चूर्ण. नग किंवा जुडी दिली असेल तर काडी. अशीं मितिवार दहा-वीस कलमें जमलीं तरी वर सांगितलेल्या स्थित्यंतराचा काळ बराचसा निश्चित होईल.

म्हणून संग्राहकांस एवढीच विनंति आहे. अशा पानांची नक्कल करतांना केवळ औषधांचीं नांवें उतरून न घेतां मापें, लावण्याची रीत, निषिद्ध तिथींचा उल्लेख, आणि पान ज्या बाडांत वा दप्तरांत मिळालें त्यांतील शेजारच्या मितिवार कागदांची नोंद अवश्य करावी. पान रुमालांतून सुटें झालें कीं त्याच्या काळाचा पुरावाहि त्याच क्षणीं नाहींसा होतो.