तारण कोणाचे? दोन मित्रांचा वाद

ब्रिस्टलच्या ब्रॉडमीडमध्ये खरेदीला गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी घोड्यावर बसलेल्या एका धर्मोपदेशकाचा पुतळा पाहिला असेल. तो जॉन वेस्लीचा. त्यामागची ‘न्यू रूम’ ही मेथडिस्ट पंथाची सर्वांत जुनी वास्तू. तिचे बांधकाम १७३९ साली सुरू झाले आणि त्याच वर्षी, याच शहरात, दोन जिवलग मित्रांमध्ये वादाची ठिणगी पडली.

दुसरा मित्र जॉर्ज व्हिटफील्ड. दोघांची ओळख ऑक्सफर्डपासूनची. फेब्रुवारी १७३९ मध्ये व्हिटफील्डने जवळच्या किंग्जवुडला कोळसा खाणीतील मजुरांपुढे उघड्यावर प्रवचन केले. व्याप वाढला तेव्हा त्याने वेस्लीला बोलावून घेतले.

पण या श्रोत्यांपैकी तारण कोणाचे होणार? व्हिटफील्ड कॅल्व्हिनच्या मताचा. कोणाला तारायचे हे देवाने सृष्टीपूर्वीच ठरवले आहे, असे तो मानी. हे आपल्या प्रारब्धासारखे वाटेल. पण प्रारब्ध हे स्वतःच्याच कर्माचे फळ, इथे मात्र माणसाच्या कर्माचा संबंधच नाही. वेस्लीला हे पटेना. देवाची कृपा सर्वांसाठी आहे, ती नाकारणारा नाकारतो; नाहीतर देवाला दयाळू म्हणायचे कसे?

वाद चव्हाट्यावर आणू नकोस, अशी व्हिटफील्डची विनंती होती. वेस्लीने चिठ्ठ्या टाकल्या. कौल आला, ‘प्रवचन कर आणि छाप.’ त्याप्रमाणे ‘फ्री ग्रेस’ हे प्रवचन छापले गेले. व्हिटफील्डने अमेरिकेतून उत्तर लिहिले आणि त्यात चिठ्ठ्यांची खासगी गोष्टही उघड केली. १७४१ मध्ये किंग्जवुडची मंडळी फुटली. सुमारे ५० जण बाहेर पडले.

गंमत म्हणजे व्हिटफील्डही सर्वांनाच हाक देत होता. देवाने कोणाला निवडले हे उपदेशकाला कळत नाही, मग दार कोणाला बंद करायचे? मजुरांच्या कानी दोघांकडूनही एकच निमंत्रण पडत होते.

पुढे व्हिटफील्डने चिठ्ठ्यांच्या गोष्टीबद्दल माफी मागितली. मते बदलली नाहीत, पण मैत्री पुन्हा जुळली. ३० सप्टेंबर १७७० रोजी तो अमेरिकेत वारला. त्याच्याच इच्छेनुसार लंडनमध्ये श्रद्धांजलीचे प्रवचन वेस्लीने केले आणि जुन्या वादावर बोलणे टाळले.

मतभेद कोणत्या मंडळात होत नाहीत? पुन्हा ब्रॉडमीडला गेलात, तर त्या पुतळ्यापाशी मिनिटभर थांबा.