गावातलं भांडण, खून आणि अपील: जन्मठेपेची शिक्षा हायकोर्टात कमी कशी होते?

शेताच्या बांधावरून वाद होतो, शिवीगाळ होते, कुणीतरी काठी उचलतो आणि एकाचा जीव जातो. सत्र न्यायालय आरोपीला खुनासाठी जन्मठेप सुनावतं. काही वर्षांनी हायकोर्ट तीच शिक्षा सात-आठ वर्षांवर आणतं आणि लोक विचारतात, "माणूस मेला हे खरं, मारणारा तोच हेही खरं, मग हा खून कसा नाही?"

अशा अनेक अपिलांमध्ये 'कुणी मारलं' यापेक्षा 'कोणत्या हेतूने मारलं' हा प्रश्न मोठा असतो. तो कसा सोडवला जातो, ते समजून घेऊ.

अपील कुठे आणि कधी करतात?

सत्र न्यायालयाने खुनासाठी जन्मठेप दिली, तर दोषी व्यक्तीला ६० दिवसांत हायकोर्टात अपील करता येतं. उशीर झाला, तर योग्य कारण देऊन तो माफ करण्याची विनंती करता येते. फाशीची शिक्षा असेल तर मुदत ३० दिवसांची असते. शिवाय हायकोर्टाने कायम केल्याशिवाय फाशी देताच येत नाही.

मुंबई हायकोर्टात खुनाच्या शिक्षेविरुद्धचं अपील दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे चालतं. तिथे खटला नव्याने सुरू होत नाही. साक्षीदारांचे जबाब, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल हे सगळं कागदपत्रांतून पुन्हा तपासलं जातं. वकील परवडत नसेल, तर तुरुंगातल्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील मिळतो.

खून आणि सदोष मनुष्यवध यात फरक काय?

प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध हा खून नसतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यात खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे: फाशी किंवा जन्मठेप. खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाची शिक्षा कलम १०५ मध्ये आहे. मृत्यू घडवण्याचा किंवा मृत्यू होऊ शकेल अशी इजा करण्याचा हेतू असेल, तर जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षांची कैद. हेतू नव्हता, पण यातून जीव जाऊ शकतो याची जाणीव होती, तर १० वर्षांपर्यंत कैद. त्या तारखेआधीच्या घटनांना जुनं दंड विधानच लागू होतं. म्हणून बातम्यांमध्ये अजूनही कलम ३०२ आणि ३०४ दिसतात.

'अचानक झालेलं भांडण' कधी मानलं जातं?

खुनाच्या व्याख्येला काही अपवाद आहेत. गावातल्या भांडणांत सर्वाधिक मांडला जाणारा अपवाद अचानक झालेल्या मारामारीचा. त्यासाठी चार गोष्टी लागतात:

• मारामारी अचानक झालेली असावी.
• आधीचा कट किंवा तयारी नसावी.
• कृत्य रागाच्या भरात झालेलं असावं.
• आरोपीने परिस्थितीचा गैरफायदा घेतलेला नसावा किंवा क्रूरपणा केलेला नसावा.

भांडण आधी कुणी उकरून काढलं, हे इथे महत्त्वाचं नसतं. शस्त्र कुठून आलं, हे मात्र बारकाईने पाहिलं जातं. शेतात पडलेली काठी उचलून एक फटका मारणं वेगळं. भांडण झाल्यावर घरी जाऊन कोयता आणणं वेगळं, कारण मधल्या वेळेत राग शांत होऊ शकला असता.

एकच वार, तरीही खून

'एकच वार केला, मारायचं नव्हतं' हा बचाव नेहमी चालतोच असं नाही. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे 'विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य'. १९५५ मध्ये पंजाबात भाल्याचा एकच वार पोटात बसला आणि जखमी माणूस दुसऱ्या दिवशी दगावला. सुप्रीम कोर्टापुढे प्रश्न एवढाच होता: हा गुन्हा नेमका कोणता?

१९५८ च्या निकालात न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी कसोटी घालून दिली. ते आधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते. ठार मारण्याचाच हेतू होता, हे सिद्ध करण्याची गरज नाही. जी जखम झाली तीच करण्याचा हेतू होता का, ती चुकून तर झाली नाही ना, आणि सर्वसाधारणपणे मृत्यू व्हायला ती पुरेशी होती का, हे पाहायचं. अपील फेटाळलं गेलं आणि खुनाची शिक्षा कायम राहिली.

मार हातापायांवर, तरीही खून

दुसरं प्रकरण आंध्र प्रदेशातल्या एका गावातल्या गटबाजीचं. १९६८ मध्ये एका माणसाला जाड काठ्यांनी हातापायांवर मारहाण झाली. त्याला १९ जखमा झाल्या आणि तो दुसऱ्या दिवशी मरण पावला. मार नाजूक अवयवांवर नव्हता, म्हणून हायकोर्टाने गुन्हा सदोष मनुष्यवधावर आणला. सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवला. हल्ला ठरवून आणि निर्दयपणे केलेला होता आणि सगळ्या जखमा मिळून मृत्यूला पुरेशा होत्या, म्हणून तो खूनच ठरला.

साक्षीदार नात्यातलेच असतील तर?

गावात भांडण भावकीत होतं, त्यामुळे पाहणारेही बहुधा घरचेच. केवळ नातं आहे म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. जवळचा नातेवाईक खऱ्या मारेकऱ्याला सोडून निरपराध माणसाला सहसा गुंतवणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९५३ मध्येच म्हटलं होतं. पण जुनं वैर असेल, तर फिर्यादीत समोरच्या घरातली सगळीच नावं घातली जाण्याचा धोकाही असतो. म्हणून कुणी नेमकं काय केलं, हे अपिलात माणसागणिक तपासलं जातं.

निकाल काय लागू शकतो?

शिक्षा कायम राहू शकते, गुन्हा कमी गंभीर ठरू शकतो, आरोपी निर्दोष सुटू शकतो किंवा फेरसुनावणीचा आदेश होऊ शकतो. फक्त आरोपीनेच अपील केलं असेल, तर त्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही.

मृताच्या कुटुंबालाही हक्क आहे. सत्र न्यायालयाने आरोपीला सोडलं किंवा खुनाऐवजी कमी गंभीर गुन्ह्यात दोषी धरलं, तर ते स्वतः हायकोर्टात अपील करू शकतात. २००९ च्या अखेरीस मिळालेला हा हक्क नव्या कायद्यातही कायम आहे. हायकोर्टाच्या निकालाविरुद्ध दोन्ही बाजूंना सुप्रीम कोर्टात परवानगी मागता येते.

त्यामुळे 'जन्मठेप रद्द' अशी बातमी दिसली, तर निकालात तीन गोष्टी शोधाव्यात: शस्त्र कुठून आलं, भांडण आणि वार यांच्यात किती वेळ गेला, आणि जखम कुठे व किती जोराने झाली. हायकोर्टाने शिक्षा का बदलली, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.