नंबर आपला, पण सिम कोणाच्या नावावर?

आज आपण मोबाईलच्या नंबराचा इतिहास ऐकणार आहोत. कंपनी बदलायची आणि नंबर तोच ठेवायचा, याला आपण ‘पोर्ट करणं’ म्हणतो. ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधी नव्हती हेच आपण विसरलो. पण ती मिळायला बरीच वर्षं लागली. आणि मिळाल्यावरही आपल्यातल्या पुष्कळ जणींना ती अजून वापरता येत नाही. का, ते शेवटी पाहू.

भारतात मोबाईलवरचा पहिला कॉल 31 जुलै 1995 रोजी झाला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीतले दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळात एका मिनिटाला 8 ते 16 रुपये पडायचे आणि आलेला कॉल उचलला तरी पैसे जायचे. येणारे कॉल फुकट झाले ते 2003 मध्ये. त्यानंतर मोबाईल गावात आला, आधी घरातल्या पुरुषाच्या खिशात आणि मग हळूहळू आपल्या हातात.

तेव्हा नंबराचे पहिले आकडे पाहून कंपनी ओळखता यायची. नंबर कंपनीला बांधलेला होता. रेंज नाही, दर परवडत नाही, तक्रार कोणी ऐकत नाही, तरी तिथेच राहायचं. कारण कंपनी सोडली की नंबर गेला. मग माहेरी कळवा, शाळेत कळवा, दूधवाल्याला कळवा. कंपन्यांनाही हे ठाऊक होतं. गिऱ्हाईक अडकलेलं असलं की त्याची कदर कोण करणार?

सिंगापूरने 1997 मध्ये नंबर सोबत नेण्याची सोय सुरू केली. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2006 मध्ये तशी शिफारस केली. नियम आले सप्टेंबर 2009 मध्ये. त्यानंतरही तारखा पुढे पुढे ढकलल्या गेल्या. अखेर 25 नोव्हेंबर 2010 रोजी हरियाणात सुरुवात झाली आणि 20 जानेवारी 2011 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती देशभर लागू झाली. फी होती जास्तीत जास्त 19 रुपये. आता ती 10 रुपयांच्याही आत आहे.

हे चालतं कसं? आपल्या बचत गटाच्या वहीसारखं. कोणता नंबर सध्या कोणत्या कंपनीकडे आहे याची एक मोठी नोंद ठेवलेली असते. देशाचे दोन भाग करून हे काम दोन वेगळ्या संस्थांकडे दिलं आहे. आपण कॉल लावला की आधी ती नोंद पाहिली जाते आणि मग कॉल योग्य कंपनीकडे जातो.

पण 2011 ची सोय अर्धीच होती. कंपनी बदलता यायची ती आपल्याच मंडळात. मोबाईलच्या हिशेबात मुंबई हे एक मंडळ आणि बाकीचा महाराष्ट्र गोव्यासह दुसरं. सांगलीची मुलगी बेळगावला नांदायला गेली किंवा साताऱ्याची मुंबईला, तर तिला नंबर तिकडच्या मंडळात नेता येत नव्हता. एक तर रोमिंगचे पैसे भरा, नाही तर नवा नंबर घ्या. लग्नात बाईचं नाव बदलतं, आडनाव बदलतं, रेशनकार्ड बदलतं, तसा नंबरही बदलायचा. ही अट 3 जुलै 2015 पासून गेली. आता देशात कुठेही तोच नंबर चालतो.

या हक्काची खरी किंमत कळली 2017-18 मध्ये. तेव्हा रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाईल सेवा बंद पडली आणि एअरसेल दिवाळखोरीत गेली. कंपनी बुडाली तरी लोकांना नंबर वाचवता आला, कारण पोर्टची सोय होती.

डिसेंबर 2019 पासून नियम सोपे झाले. मेसेजमध्ये इंग्रजीत पोर्ट लिहायचं, जागा सोडून आपला नंबर टाकायचा आणि 1900 वर पाठवायचा. आठ अक्षरी कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तो आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. त्याच मंडळात तीन, दुसऱ्या मंडळात पाच कामाचे दिवस लागतात. मात्र सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले हवेत आणि बिल थकलेलं नको. जुना बॅलन्स बुडतो, म्हणून रिचार्ज संपत आल्यावरच पोर्ट करा. फसवणूक वाढल्यामुळे जुलै 2024 पासून आणखी एक नियम आला. सिम हरवून नवं घेतलं असेल तर सात दिवस पोर्ट होत नाही. आणि हा कोड फोनवर कोणालाही सांगू नका.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या गटांच्या बैठकांत आम्ही विचारतो, “तुमचं सिम कोणाच्या नावावर आहे?” उत्तर येतं, “यांच्या”, “पोराच्या”, कधी “दिराच्या”. पोर्टचा हक्क मिळतो तो ज्याच्या नावावर सिम आहे त्याला. नंबर दहा वर्षं आपल्या हातात असला तरी दुकानदार मालकालाच बोलवतो. बँकेचा मेसेज, गॅसचा नंबर, लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचा ओटीपी, सगळं ज्या नंबरवर येतं, त्याचा निर्णय दुसऱ्याच्या हातात. घरात बिनसलं किंवा तो माणूस गावी नसला की आपण अडकतो.

यावर उपाय आहे. कंपनीच्या अधिकृत दुकानात दोघांनी कागदपत्रं घेऊन गेलं की सिम आपल्या नावावर होतं. नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. नाव बदलण्याचं काम चालू असताना पोर्ट होत नाही. म्हणून आधी नाव बदला, मग कंपनी. आपल्या नावावर किती सिम आहेत हे सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर कळतं.

कंपनीच्या हातून नंबर सुटायला या देशात 15 वर्षांहून जास्त काळ लागला. घरातलं काम एका दुपारचं आहे. पुढच्या मासिक बैठकीत कर्जाचा हिशेब झाला की हा प्रश्न घ्या. प्रत्येकीच्या नावापुढे लिहा, सिम कोणाचं. ज्यांचं दुसऱ्याच्या नावावर आहे त्यांनी दोघी-तिघींनी मिळून तालुक्याला जायचा दिवस ठरवा. भेटू पुढच्या भागात.