अभयाचे मोल

आमच्या एका बालमित्राचे घर बेळगावास आहे. गेल्या दिवाळीनंतर घरच्या वाटपाच्या कामासाठी एक जुने खरेदीखत हवे होते, म्हणून माळ्यावरची कागदपत्रांची पेटी आम्ही दोघांनी खाली उतरविली. खत काही सापडले नाही. सापडली ती मित्राच्या आजोबांची शिकारीची वही. हे आजोबा खानापूर तालुक्यातील आपल्या मूळ गावच्या देवस्थानाचे पंच होते, एकादशी चुकवीत नसत, आणि दुनळी बंदूकही बाळगीत. त्या पिढीला या तिन्ही गोष्टींत विसंगती वाटत नसे.

वहीत दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या एका हिवाळी दिवसाची दीड पानांची हकिगत आहे. आजोबा आपल्या एका स्नेह्यासह पहाटे बैलगाडीने गावच्या रानाकडे निघाले. उंबर पिकले होते आणि हरोळ्या उतरल्या होत्या. हरोळी म्हणजे देवळाच्या दीपमाळेवर घुमणारा करडा पारवा नव्हे. ती त्याचीच रानातली बहीण, हिरव्यापिवळ्या अंगाची, पिवळ्या पायांची. हिलाच हरियाल म्हणतात, आणि महाराष्ट्राने पुढे राज्यपक्ष्याचा मान तिलाच दिला. वड, पिंपळ, उंबर यांची फळे हा तिचा आहार. पानांत बसली की ती दिसत नाही, म्हणून शिकारी पिकल्या झाडाखाली उभा राहतो आणि थवा येता-जाता बार टाकतो. दोघांनी मिळून दुपारपर्यंत अकरा हरोळ्या पाडल्या. सायंकाळी परतताना ओढ्याकाठी चितळांचा कळप दिसला. माद्या होत्या, पाडसे होती. दोघे गाडी थांबवून अंधार पडेपर्यंत पाहत राहिले.

आम्हास त्या अकरांपेक्षा आजोबांनी काय सोडले, याचे कुतूहल अधिक वाटले. वहीत तेही नमूद आहे. सर्वांत जास्त हरोळ्या देवराईतल्या उंबरावर होत्या, पण तेथे बार टाकायचा नाही म्हणून ते झाड सोडले. माद्या व पाडसे यांवर बंदी म्हणून चितळे सोडली. “वकीलसाहेब, आजोबा कायद्याला भीत की देवाला?” असे मित्राने हसत विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हा लेख झाला.

रानातल्या जीवाला मनुष्याने आजवर तीन प्रकारे अभय दिले आहे. पहिले अभय स्थळाचे, दुसरे काळाचे, तिसरे प्रत्यक्ष जीवाचे.

स्थळाचे अभय सर्वांत जुने. शाकुंतलात मृगामागे धावणारा दुष्यंत आश्रमाच्या सीमेवर थांबतो, कारण तापस त्यास सांगतात की हा आश्रममृग आहे, यास मारू नये. मृग तोच, सीमेबाहेर तो राजाची शिकार, सीमेच्या आत तो अवध्य. आपल्या देवराया याच न्यायाने टिकल्या. सत्तरी, सांगे, काणकोणपासून खानापूरपर्यंत सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर देवाच्या नावाने राखलेली अशी राने आहेत. एका उतारावर तेव्हा इंग्रजांचा अंमल होता, दुसऱ्यावर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचा. परंतु राईतून वाळकी काटकीही उचलू नये हा दंडक दोन्हीकडे एकच होता, आणि तो कोणत्याही सरकारने घातलेला नव्हता.

काळाच्या अभयाचा वाद आदिपर्वात आहे, आणि तो एखाद्या न्यायालयात शोभावा असा आहे. मृगरूपाने आपल्या भार्येशी रत असलेल्या किंदम ऋषीस पंडूने बाण मारला. पंडूने बचाव चांगला केला: मृगया हा राजांचा धर्मच आहे, आणि अगस्त्य ऋषींनी यज्ञासाठी रानातील मृग मारले हा त्यास आधार आहे. ऋषीचे उत्तर त्याहून नेमके होते. मृग मारलास म्हणून मी तुला दोष देत नाही. तू मैथुन संपेपर्यंत थांबला नाहीस, हा दोष आहे. प्रजननाच्या काळात शिकार वर्ज्य, हे आधुनिक कायद्याचे तत्त्व येथे स्पष्ट दिसते.

इंग्रजी अमदानीतील कायदा याच वाटेने आला, पण फार संकोचाने. १८८७ च्या वन्य पक्षी संरक्षण कायद्याने नगरपालिका व छावण्या यांच्या हद्दीत, विणीच्या हंगामात ताजे मारलेले रानपक्षी बाळगण्यास व विकण्यास मनाई करण्याची सोय केली. म्हणजे कायदा रानात गेलाच नाही. तो बाजारात उभा राहिला. १९१२ चा वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा पुढे गेला. त्याच्या परिशिष्टात पक्ष्यांमध्ये कबूतरवर्ग आहे आणि पशूंमध्ये हरणे आहेत. आजोबांच्या त्या दिवसातील सकाळ आणि सायंकाळ दोन्ही या एका परिशिष्टात सापडतात. प्रांतिक सरकारने जाहीर केल्यास वर्षाचा काही भाग, किंवा सबंध वर्षही, बंदीचा काळ ठरे, आणि अशी बंदी केवळ माद्या व अपुऱ्या वाढीची जनावरे यांच्यापुरतीही घालता येई. पहिल्या गुन्ह्यास दंड ५० रुपयांपर्यंत. पुन्हा केल्यास एक महिन्यापर्यंत कैद, किंवा १०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तेव्हा मित्राच्या प्रश्नाचे उत्तर असे, की उंबराखाली आजोबा देवाला भ्याले आणि ओढ्याकाठी कायद्याला. परंतु स्थळ व काळ यांचे नियम पाळूनही रान रिकामे होत गेले, हे विसरून चालणार नाही.

याचे कारण त्या नियमांच्या पोटात होते. रोमन कायद्यापासून चालत आलेली कल्पना अशी, की रानपशू कोणाच्याच मालकीचा नसतो. जो धरील त्याचा. आपल्याकडेही मृगया हा राजविनोदच मानला गेला. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात मृगयेचे सविस्तर वर्णन असून, शिकारीसाठी चित्ता वापरल्याच्या सर्वांत जुन्या उल्लेखांत त्याची गणना होते. बडोदे व कोल्हापूर येथे काळविटावर चित्ते सोडण्याचा हा खेळ विसाव्या शतकापर्यंत चालू होता. शिकवलेला चित्ता कैदेत सहसा वीत नाही, म्हणून प्रत्येक नवा चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. १९४७ मध्ये कोरियाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले. देशातील चित्त्याची ती शेवटची निश्चित नोंद होय. १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पुढे १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते आणून, एके काळच्या ग्वाल्हेर संस्थानच्या मुलुखातील कुनोच्या रानात सोडावे लागले.

दुसरे असे, की सरकारी स्थळाचे अभय सर्वांस सारखे नव्हते. १९२७ च्या वन कायद्याच्या २६ व्या कलमान्वये राखीव जंगलात नियमांविरुद्ध शिकार करणे, फासे लावणे हा गुन्हा ठरला. साहेबास व संस्थानिकास परवाना मिळे. रानालगत राहणाऱ्याच्या फाशास तो मिळणे कठीणच. देवराईच्या नियमापुढे पंच आणि गुराखी सारखे होते. सरकारी राईचे तसे नव्हते.

जीवाचे अभय स्वातंत्र्यानंतर आले, तेही एकदम नव्हे. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात असताना तेथे १९५१ चा मुंबई वन्य पशू व वन्य पक्षी संरक्षण कायदा झाला. त्यात परवाने होतेच. १९५६ मध्ये जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही प्रथम शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली आणि शिकारीस सर्वसाधारण मनाई झाली. दरम्यान १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्राविषयी दया हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले होते. झाड देवराईतले की बाहेरचे, नर की मादी, माघ की ज्येष्ठ, हे प्रश्न आता मागे पडले. हरोळी ही हरोळी आहे, एवढेच तिच्या अभयास पुरते.

येथे लेख संपवावा असे आम्हास वाटत होते. पण वही वाचून झाल्यावर, कार्तिकातल्या एका रविवारी, आम्ही दोघे त्याच गावी गेलो. बंदूक आजोबांच्या पश्चात सरकारजमा झाली. आमच्याजवळ दुर्बीण होती. देवराईतला उंबर उभा आहे. त्यावर हरोळ्या होत्या, आणि त्या मोजण्यात आमची सकाळ आनंदात गेली. जवळच भीमगडचे अभयारण्य आहे, जे २०११ मध्ये घोषित झाले. सायंकाळी रानाच्या कडेला चितळे दिसली. ती ओढ्याकाठी नव्हती, उभ्या भातात होती. माळ्यावर बसलेला शेतकरी पत्र्याचा डबा बडवीत होता. आमची दुर्बीण पाहून तो म्हणाला, “साहेब, तुम्ही हरणं बघायला येता. आम्ही ती रात्रभर हाकलतो.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते आम्हास अधिक लागले. कायद्यात त्याच्यासाठी काहीच नाही असे नव्हे. पिकाच्या नुकसानीस भरपाई मिळते. त्यासाठी अर्ज, पंचनामा, छायाचित्रे आणि खेपा लागतात. फारच उपद्रव झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षकाकडे विशेष परवानगी मागता येते. हे सारे आम्ही त्यास समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि पुन्हा डबा हाती घेतला.

परतीच्या वाटेवर आम्हास शिबी राजाची आठवण झाली. ससाण्याच्या भीतीने कपोत त्याच्या मांडीवर आला. ही कथा आपण लहानपणापासून दयेची म्हणून ऐकतो. परंतु तिच्यात ससाण्याचाही एक अर्ज आहे. माझे भक्ष्य तू राखलेस, मग माझ्या भुकेचे काय? राजाने तो अर्ज फेटाळला नाही. कपोताच्या भारंभार मांस त्याने स्वतःच्या देहातून तोलून दिले, आणि तरीही पारडे उचलेना तेव्हा तो स्वतः त्यात बसला. ज्याने अभय दिले त्यानेच त्याचे मोल द्यावे, हा त्या कथेचा न्याय आहे. आज आम्ही शहरातून अभय देतो आणि मोल मात्र माळ्यावरच्या त्या माणसाच्या भातातून वळते करून घेतो.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण देवस्थानांच्या कारभारात आहेत. कित्येक देवळांच्या जमाखर्चात पारव्यांच्या दाण्यासाठी रक्कम असते, आणि ती कोणास अस्थानी वाटत नाही. त्याच पानावर, देवाच्या रानालगत ज्याचे भात हरणांनी खाल्ले त्याच्यासाठी, एक ओळ असावी. रक्कम लहान असली तरी चालेल. सरकारी भरपाईचा अर्ज लिहून देणारा एखादा लिहिता-वाचता माणूस देवस्थानाने नेमला तरी पुष्कळ काम होईल, आणि असे अर्ज आम्ही विनामूल्य तपासून देऊ.

आमचा मित्र आज आजोबांच्या जागी त्याच पंचमंडळावर आहे. येत्या सभेत हा विषय मांडण्याचे त्याने गाडीतच कबूल केले. घरी पोचल्यावर त्याने ती वही काढली आणि आजोबांच्या नोंदीखाली त्या दिवसाची तिथी घालून लिहिले: हरोळ्या चाळीसहून अधिक, चितळे नऊ, आणि एका शेतकऱ्याचे भात.