डिझेल आणि खडी

१९७२ च्या दुष्काळात आई आमच्या रस्त्याची खडी फोडायची. मी पाट्या वाहायचो. पेट्रोलवर कर घेऊन तो रस्त्यालाच लावायचा, ही रीत त्याहून जुनी. बॅ. मुकुंदराव जयकरांच्या समितीनं ती सुचवली अन् १९२९ पासून गॅलनमागं दोन आणे जादा घेऊ लागले. तेव्हा मोटार सावकार-संस्थानिकाची. त्यानं रस्त्याला पैसे द्यावेत, हे रास्तच. पुढं डिझेललाही रस्त्याचा कर लागला. माझा ट्रॅक्टर राबतो वावरात, डांबरावर क्वचित येतो. तरी लिटरमागं रस्त्याचे पैसे मोजतोच. मोजायला ना नाही हो. पण औंदा सुनेला बाळंतपणाला नेताना जीप खड्ड्यात अशी आदळली, की पोर किंचाळलीच. उतरून पाहिलं, तर डांबर केव्हाच उडालेलं, अन् खाली आईच्या वेळची खडी उघडी पडलेली.