पट्टी तुटत नाही, सुटते

कार्बनचे कापड पोलादाच्या कित्येक पट मजबूत; ते इपॉक्सीने डकवले की जुनी तुळई नव्यासारखी. कमी वाटले तर आणखी एक थर, आणखी हातभर लांबी. दुरुस्तीच्या धंद्यात हा पूर्वपक्ष चांगलाच रुळला आहे.

त्यातले पहिले अर्धे वाक्य खरे आहे. पण चिकटवलेली पट्टी सहसा तुटत नाही, सुटते. उखडलेल्या पट्टीची पाठ पाहावी: तिला काँक्रीटचा पापुद्रा चिकटलेला असतो. म्हणजे कापड हरले नाही, इपॉक्सीही नाही; हरले ते जेमतेम दोन-तीन मेगापास्कल ताण सोसणारे काँक्रीट.

लांबीचा हिशेबही फसवा. चेन आणि टेंग या संशोधकांच्या 2001 च्या सूत्रात 0.167 मिलिमीटर जाडीचे कापड आणि 25 मेगापास्कलचे काँक्रीट घातले, तर परिणामकारक लांबी सुमारे 90 मिलिमीटर येते. वीतभरसुद्धा नाही! त्यापुढे कितीही चिकटवा, पकडीचे बळ वाढत नाही. आणि थर? बळ त्यांच्या वर्गमुळाने वाढते. पैसे चार थरांचे, बळ दुप्पट.

मग हा समज आला कुठून? माझ्या मते खांबांवरून. खांबाभोवती गुंडाळलेले कापड स्वतःवरच चढते, आतले काँक्रीट फुगू लागले की आवळते; तिथे चिकटण्याला फारसे महत्त्व नाही. खांबाचे यश तुळईच्या खात्यावर जमा झाले. तुळईचा दाखला द्यायला लुसर्नचा इबाख पूल असतोच: 1991 मध्ये 175 किलो पोलादाचे काम 6.2 किलो कार्बनने केले. पण तिथे वाहतूक दिव्यांच्या कामात आतली ताणकेबल दुखावली होती. सळई गंजून पोपडे धरलेल्या तुळईचे दुखणे निराळे.

कर्नाटकातल्या अफजलपूरकडे ही सावधगिरी जास्तच लागू. भीमेच्या पुरात भिजणारे पूल, चाळिशी ओलांडणारा उन्हाळा. उन्हात तापणारी काळी पट्टी आणि साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागणारे काही इपॉक्सी. गाणगापूरला जाणाऱ्या भाविकाला पुलाखालचे कापड दिसणार नाही, पण अभियंत्याने त्यामागचे काँक्रीट पाहिलेच पाहिजे.

आधी सळईचा गंज काढावा, खडी दिसेपर्यंत पृष्ठभाग घासावा, कोरडा करावा. मग धातूची चकती चिकटवून ओढून पाहावी: अमेरिकन काँक्रीट संस्था किमान 1.4 मेगापास्कल मागते. तुळईच्या टोकांना यू आकाराचे पट्टे द्यावेत. चकती 1.4 मेगापास्कलच्या आधीच निघून आली, तर अंदाजपत्रकातले कापड खोडून तिथे काँक्रीट फोडण्याचा खर्च लिहावा.