टॉमासनचा चोपडीसंग्रह आणि इंग्लंडांतील यादवी युद्ध

इतिहाससाधनांत अस्सल कागदाचें स्थान पहिलें, बखरीचें दुसरें, आणि पक्षाभिमानानें लिहिलेल्या वादग्रस्त लिखाणाचें अगदीं शेवटचें, असा क्रम आपल्याकडे बहुतेक ठरून गेला आहे. सामान्यतः तो योग्यच आहे. परंतु जें लिखाण उघड उघड पक्षपाती आहे, ज्यांतील बराच मजकूर खोटा म्हणून दाखवितां येतो, तेंही एका अटीवर उत्तम अस्सल साधन ठरूं शकतें, असें आमचें मत आहे. ती अट कोणती, हें इंग्लंडांतील यादवी युद्धाच्या काळच्या छापील चोपड्यांवरून जितकें स्पष्ट होतें, तितकें दुसऱ्या कशावरून क्वचितच होत असेल. म्हणून त्या चोपड्यांचा, व ज्या एका पुस्तकविक्यानें तीं जतन केलीं त्याचा, परिचय वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पूर्वस्थिति पाहूं. इंग्लंडांत छापण्याचा धंदा १५५७ सालच्या सनदेपासून लंडनच्या स्टेशनर्स कंपनी या व्यावसायिक मंडळीच्या ताब्यांत होता. जुलै १६३७ मध्यें स्टार चेंबर या राजाच्या न्यायसभेनें हुकूम काढून लंडनांतील मुख्य मुद्रकांची संख्या वीस ठरविली आणि परवान्यावांचून कांहींही छापूं नये अशी ताकीद दिली. त्याच्या आदल्याच महिन्यांत प्रिन, बर्टन व बॅस्टविक या तिघांचे, बिशपांविरुद्ध लिहिल्याबद्दल, भर लोकांत कान कापण्यांत आले होते. पहिल्या चार्ल्स राजानें अकरा वर्षें पार्लमेंट बोलाविली नव्हती; स्कॉटलंडशीं युद्ध उद्भवून पैशाची निकड लागली, तेव्हां १६४० सालीं ती बोलावणें त्यास भाग पडलें. नोव्हेंबरांत भरलेल्या पार्लमेंटनें पुढील जुलैंत स्टार चेंबर ही सभाच मोडून टाकली. छापण्याचें स्वातंत्र्य कोणत्याही कायद्यानें कोणास दिलें नव्हतें. बंधन घालणारा हात मात्र लुळा पडला.

याचा परिणाम लवकरच दिसला. नोव्हेंबर १६४१ मध्यें राजाच्या कारभारांतील दोष कलमवार मांडणारें गाऱ्हाणेंपत्र कॉमन्स सभेनें १५९ विरुद्ध १४८ मतांनीं संमत केलें. एवढ्या थोड्या मताधिक्यानें झालेला हा ठराव छापावा कीं न छापावा, या प्रश्नावरून त्या रात्रीं सभागृहांत असा गोंधळ माजला कीं कित्येकांचे हात तलवारींकडे गेले. राजास अर्ज करणें ही जुनी रीत होती. राजाविरुद्धचें गाऱ्हाणें छापून प्रजेच्या हातीं देणें ही नवी. राजपक्षाचा संताप या नव्या रीतीवर होता, आणि तो अस्थानीं नव्हता. डिसेंबरांत तें पत्र छापलें गेलें. ऑगस्ट १६४२ मध्यें राजानें नॉटिंगहॅम येथें निशाण उभारलें आणि युद्धास तोंड लागलें.

हीं चोपडीं बहुधा चौपेजी आकाराचीं असत. ताव दोन्ही बाजूंनीं छापून दोनदां दुमडला कीं आठ पृष्ठें होतात. पुष्कळ चोपडीं एवढींच, कांहीं दोन-तीन तावांचीं. खिळे जुळविल्यावर एकानें शाई लावावी व दुसऱ्यानें यंत्राचा दांडा ओढावा, एवढ्या माणसांवर काम चाले. पुठ्ठा नाहीं, बांधणी नाहीं. साप्ताहिक बातमीपत्राची किंमत सामान्यतः एक पेनी. रस्त्यांतून ओरडत फिरणारे फेरीवाले व फेरीवाल्या तीं विकीत. ज्या मजुरानें आयुष्यांत जाडें पुस्तक विकत घेतलें नाहीं, त्यास राजा व पार्लमेंट यांचा वाद अशा रीतीनें परवडूं लागला.

दोन्ही पक्षांनीं हें शस्त्र ओळखलें. राजानें ऑक्सफर्डास तळ दिल्यावर जानेवारी १६४३ पासून तेथें 'मर्क्युरियस ऑलिकस' हें राजपक्षाचें बातमीपत्र निघूं लागलें. तें चोरून लंडनांत येई. त्यास उत्तर म्हणून त्याच वर्षाच्या ऑगस्टांत लंडनांत 'मर्क्युरियस ब्रिटानिकस' सुरू झालें. त्याचा एक लेखक मार्चमंट नीडम यानें पुढें १६४७ सालीं राजाच्या बाजूनें पत्र चालविलें आणि १६५० पासून राजाचा वध करणाऱ्या सरकारच्या बाजूनें. लेखणी भाड्यानें मिळूं लागली होती. पार्लमेंटनेंही जून १६४३ मध्यें परवान्याची सक्ति पुन्हा आणली. तिच्याविरुद्ध कवि मिल्टन यानें नोव्हेंबर १६४४ मध्यें 'ॲरिओपॅजिटिका' हा निबंध परवान्यावांचूनच प्रसिद्ध केला. आणि तोच मिल्टन १६५१ सालीं नीडमच्या पत्रावर सरकारतर्फें देखरेख करीत होता. जॉन लिलबर्न याच्यासारखे समतावादी मात्र बिशपांच्या काळीं तुरुंगांत होते, ते पार्लमेंटच्या काळींही चोपडीं लिहीत तुरुंगांतच राहिले.

आतां या सर्व कागदांच्या संग्राहकाकडे वळूं. जॉर्ज टॉमासन याचें दुकान लंडनच्या सेंट पॉल प्रार्थनामंदिराच्या आवारांत होतें. नोव्हेंबर १६४० पासून हातीं येईल तें छापील चोपडें, कोणत्याही पक्षाचें असो, ठेवून घ्यावें असा त्यानें निश्चय केला आणि १६६१ पर्यंत तो पाळला. त्याच्या संग्रहांत १६४१ सालचीं चोपडीं सातशेंच्या आसपास आहेत, तर १६४२ सालचीं दोन हजारांच्या आसपास. एकंदर संख्या सुमारें २२,००० असून ती सुमारें २,००० खंडांत बांधलेली आहे. तो स्वतः निःपक्ष नव्हता. १६५१ सालीं राजपक्षाच्या एका कटाच्या संशयावरून त्यास कैदही भोगावी लागली. फौजा जवळ येत तसा हा संग्रह लंडनाबाहेर हलवावा लागला, आणि कांहीं काळ तो गोदामांतील मेजांच्या पोकळींत दडविला होता, असें जुन्या हकीगतींत आहे. १६४७ सालीं खुद्द राजानें एक चोपडें वाचावयास मागून नेलें. पळून जातांना तें चिखलांत पडलें. परत आल्यावर टॉमासननें ही हकीगत त्यावर टिपून ठेविली आहे, आणि डाग अद्याप दिसतो.

परंतु याहून मोठें काम त्यानें केलें तें क्षुल्लक दिसणारें आहे. चोपडें हातीं येतांच त्याच्या मुखपृष्ठावर तो त्या दिवसाची तारीख शाईनें लिही, आणि संग्रह कालक्रमानें लावी. लेखकाचें नांव छापलेलें नसलें आणि त्यास ठाऊक असलें, तर तेंही लिही. 'ॲरिओपॅजिटिका'च्या त्याच्या प्रतीवर ती ग्रंथकर्त्याकडून भेट आल्याची नोंद व २४ नोव्हेंबर ही तारीख आहे. एका वाक्याच्या या टिपणानें चोपड्याचें रूपच पालटतें. तें काय सांगतें याची शहानिशा वेगळी. तें लोकांस कधीं सांगितलें गेलें, याचा पुरावा मात्र समकालीन व विश्वसनीय होतो.

याचें महत्त्व आयर्लंडच्या प्रकरणावरून कळेल. २३ ऑक्टोबर १६४१ रोजीं अल्स्टर प्रांतांत कॅथॉलिकांचा उठाव झाला. प्रॉटेस्टंट रहिवाशांच्या कत्तली झाल्या हें खरें आहे. पोर्टाडाउन येथें शंभरांच्या आसपास लोक नदींत बुडविले गेले. पण त्या हिवाळ्यांत लंडनांत जीं चोपडीं निघालीं त्यांत क्रौर्याचीं वर्णनें व मृतांचे आंकडे वाढतच गेले. १६४६ सालीं जॉन टेंपल याच्या ग्रंथांत हा आंकडा तीन लाखांवर गेला; एवढे प्रॉटेस्टंट त्या बेटांत नव्हतेच. आधुनिक संशोधक प्रत्यक्ष मारलेल्यांची संख्या कांहीं हजार धरतात, व थंडी आणि उपासमार यांनीं मेलेल्यांची आणखी कांहीं हजार. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत सुमारें आठ हजार जबान्या आहेत. त्यांचा आधार या कामीं होतो.

म्हणून तीं चोपडीं टाकाऊ ठरतात काय? आयर्लंडांत काय घडलें हें पाहावयाचें असेल, तर बहुतांशीं होय. परंतु आयर्लंडांत पाठवावयाची फौज राजाच्या हातीं द्यावी कीं पार्लमेंटच्या, हाच प्रश्न त्या हिवाळ्यांत लंडनांत पेटला होता, आणि त्यांतूनच युद्ध उद्भवलें. लोक काय वाचून भ्याले, हें त्या चोपड्यांवांचून कळत नाहीं. सप्टेंबर १६४९ मध्यें क्रॉम्वेलनें ड्रॉगेडा शहरांतील लोकांस कापून काढलें, तेव्हां निरपराध्यांच्या रक्ताबद्दल हा ईश्वरी न्याय झाला असें त्यानें लिहिलें. ड्रॉगेडा शहर तर त्या उठावांत सामील झालें नव्हतें. खोट्या आंकड्यानें खरीं माणसें मेलीं. घटनेविषयीं खोटा असलेला कागद लोकमताविषयीं इतका खरा असतो.

अर्थात् टॉमासनच्या तारखांसही मर्यादा आहेत. ती तारीख बहुधा चोपडें हातीं आल्याची आहे, छापल्याची नव्हे. परगांवचीं चोपडीं उशिरा येत. लंडन जितकें त्यांत दिसतें तितका बाकीचा देश दिसत नाहीं. शिवाय इंग्लंडांत त्या काळीं नवें वर्ष २५ मार्चास लागे. चार्ल्स राजाचा शिरच्छेद ३० जानेवारी १६४९ रोजीं झाला असें आपण लिहितों. त्यांच्या गणनेनें तें साल १६४८. राजाच्या नांवावर त्याच सुमारास निघालेल्या 'आयकॉन बॅसिलिकी' या ग्रंथाच्या एका वर्षांत पस्तीसांच्या आसपास आवृत्त्या निघाल्या. त्यांचा क्रम लावणाऱ्यास ही गोष्ट विसरून चालत नाहीं. मृगास बदलणारा सुहूर सन व चैत्रांत बदलणारा शक यांचा मेळ घालतां घालतां ज्यांचे डोळे शिणले आहेत, त्या आमच्या वाचकांस ही अडचण निराळी समजावून सांगावयास नको.

१६६० सालीं राजसत्ता परत आली आणि १६६२ च्या कायद्यानें छापखाने पुन्हा जखडले गेले. १६६४ सालीं जॉन ट्विन या मुद्रकास एक पुस्तक छापल्याबद्दल देहान्त शासन झालें. टॉमासन १६६६ सालीं वारला. त्याचा संग्रह सुमारें शंभर वर्षें गिऱ्हाईक शोधीत राहिला. अखेर तिसऱ्या जॉर्ज राजानें तो ३०० पौंडांस घेऊन १७६२ सालीं ब्रिटिश म्यूझियमास दिला. आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे.

त्याच काळीं महाराष्ट्रांत छापखाना नव्हता. गोव्यांत पाद्र्यांचा होता, आणि स्टीफन्स या इंग्रज जेसुइटाचें मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रोमन लिपींत छापलेंही गेलें. पण आपल्या राजकारणाचा त्या यंत्राशीं संबंध आला नाहीं. आमच्याकडील वाद हस्तलिखित पत्रांत, महजरांत व पोवाड्यांत उरले आहेत. त्यांतील पुष्कळांवर मिति नाहीं, आणि मिति नसल्यामुळें खरें-खोटें ठरवितांना आपण सबंध कागदच स्वीकारतों किंवा सबंध फेंकून देतों. टॉमासनचें उदाहरण तिसरा मार्ग दाखवितें. कागद खोटा असेल. पण तो केव्हां व कोणापुढें बोलला हें निश्चित झालें, तर तो साक्षीदार म्हणून उभा राहतो. म्हणून दप्तरें हाताळणाऱ्या प्रत्येकास आमची विनंति इतकीच आहे कीं, कोणताही कागद हातीं येतांच तो कोठें, कोणत्या रुमालांत, कशासोबत व कोणत्या दिवशीं मिळाला, हें त्याच क्षणीं टिपून ठेवावें. त्या टिपणाचें मोल शंभर वर्षांनंतर कळेल. टॉमासनच्या टिपणांचेंही तेवढ्याच उशिरा कळलें.